२१४७४८३६४७ : एका मोठ्या मूळ संख्येची स्वतः करावयाची तपासणी

अमुक संख्या मूळ आहे, असे आपण वाचतो, मान्य करतो आणि पुढे जातो. दोन-तीन अंकी संख्येच्या बाबतीत त्यात काही बिघडत नाही, कारण मनात आले तर ती पाच मिनिटांत तपासता येते. परंतु दहा अंकी संख्या समोर आली की तपासण्याचा विचारही आपण सोडून देतो आणि हे काम संगणकाचे आहे असे धरून चालतो. या लेखात २१४७४८३६४७, म्हणजे दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस, ही संख्या घेतली आहे. ती मूळ असल्याची खात्री कागद, पेन्सिल आणि साधा कॅल्क्युलेटर यांच्या बळावर कशी करून घ्यावी, आणि ती झाल्यावर याच संख्येचे आणखी कोणते गुणधर्म हाताने पडताळता येतात, हे क्रमाने मांडले आहे. मोठ्या संख्येच्या तपासणीत तिचा आकार जेवढा आडवा येतो त्याहून तिची घडण अधिक मदत करते, असा माझा अनुभव आहे. म्हणून पहिली पायरी भागाकाराची नसून घडण ओळखण्याची आहे.

लेखात २^३१ असे लिहिले असेल तेथे २ चा ३१ वा घात असे वाचावे. तपासावयाच्या संख्येला आपण ‘म’ म्हणू. वाचकाला बाकी काढता येणे आणि घातांकांचे नियम ठाऊक असणे एवढी तयारी पुरेशी आहे.

पहिली पायरी : घडण ओळखणे

२ पासून सुरुवात करून वर्ग करत जावे : २, ४, १६, २५६, ६५५३६, ४२९४९६७२९६. शेवटची संख्या २^३२ आहे. तिची निमपट २१४७४८३६४८ म्हणजे २^३१, आणि त्यातून १ वजा केला की म मिळतो. म्हणजेच म = २^३१ − १. द्विमान पद्धतीत ही संख्या सलग एकतीस वेळा १ लिहून होते, आणि त्यामुळेच ३२ बिटांच्या चिन्हासह साठवलेल्या पूर्णांकाची ती कमाल मर्यादा आहे. जुन्या संगणकप्रणालींची घड्याळे १९ जानेवारी २०३८ रोजी जागतिक प्रमाणवेळेनुसार ०३:१४:०७ वाजता ज्या आकड्याशी येऊन अडतात, तो हाच.

२ च्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात. घातांक संयुक्त असेल तर अशी संख्या नक्की संयुक्त असते; उदाहरणार्थ २^१५ − १ = ३२७६७ = ७ × ३१ × १५१. घातांक मूळ असला तरी संख्या मूळ असेलच असे मात्र नाही, कारण २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. आपला घातांक ३१ हा मूळ आहे, त्यामुळे म मूळ असण्याची शक्यता उघडी राहते, एवढेच अद्याप म्हणता येते.

घडण कळल्याचा लाभ लगेच मिळतो. म ने भागल्यावर २^३१ ची बाकी १ उरते. म्हणून कोणत्याही मोठ्या संख्येची म ने भागून बाकी हवी असेल तर तिला २१४७४८३६४८ ने भागावे आणि भागाकार व बाकी यांची बेरीज करावी. बेरीज म पेक्षा मोठी झाली तर एकदा म वजा करावा. नऊने भागून उरणारी बाकी आपण अंकांची बेरीज करून काढतो, त्याच जातीची ही युक्ती आहे. पुढे तिला ‘घडी घालणे’ म्हणू, कारण तिचा उपयोग वारंवार होणार आहे.

दुसरी पायरी : विभाजकांचे उमेदवार कमी करणे

४६३४० चा वर्ग २१४७३९५६०० आणि ४६३४१ चा वर्ग २१४७४८८२८१ आहे. त्यामुळे म संयुक्त असेल तर त्याचा निदान एक मूळ विभाजक ४६३४० पर्यंत सापडलाच पाहिजे. या टप्प्यात सुमारे पावणेपाच हजार मूळ संख्या येतात. त्या सर्वांनी भागत बसणे शक्य आहे, पण ते करू नये, कारण म चा विभाजक कसा दिसेल यावर दोन कडक अटी आहेत आणि त्या दोन्ही थोडक्यात सिद्ध होतात.

समजा भ ही मूळ संख्या म ला निःशेष भागते. मग भ ने भागल्यास २^३१ ची बाकी १ उरते. २ च्या ज्या लहानात लहान घाताची बाकी १ येते, त्या घातांकाने ३१ ला भाग गेलाच पाहिजे. ३१ मूळ आहे आणि तो घातांक १ असू शकत नाही, म्हणून तो ३१ च आहे. फर्माच्या छोट्या प्रमेयानुसार २^(भ−१) ची बाकीही १ असते, तेव्हा ३१ ने भ − १ ला भाग जातो. भ विषम असल्याने भ − १ सम आहे. म्हणून भ ला ६२ ने भागल्यास बाकी १ उरली पाहिजे. ही पहिली अट झाली.

दुसरी अट अशी. २^३१ ची बाकी १ असेल तर २^३२ ची बाकी २ असते, आणि २^३२ हा तर ६५५३६ चा वर्ग आहे. म्हणजे भ च्या दृष्टीने २ ही वर्गसंख्येची बाकी ठरते. ज्या विषम मूळ संख्यांच्या बाबतीत असे घडते, त्यांना ८ ने भागल्यास बाकी १ किंवा ७ उरते, हे अंकसिद्धांतातले (पूर्णांकांच्या गुणधर्मांच्या अभ्यासातले) प्रसिद्ध प्रमेय आहे. दोन्ही अटी एकत्र केल्या की भ ला २४८ ने भागून बाकी १ किंवा ६३ उरावी लागते, याखेरीज तिसरी शक्यता राहत नाही.

लेओनहार्ड ऑयलर यांनी हाच मार्ग धरला. २४८ च्या पटीत १ किंवा ६३ मिळवून होणाऱ्या सर्व मूळ संख्या आपण ४६३३९ पर्यंत तपासल्या आणि त्यांपैकी एकीनेही म ला भाग गेला नाही, असे त्यांनी १७७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पत्रात नोंदवले आहे. तोपर्यंत या संख्येबद्दल केवळ विधाने होती. सतराव्या शतकाच्या आरंभी इटलीच्या पिएत्रो कातालदी यांनी २३, २९, ३१ आणि ३७ या घातांकांच्या संख्या मूळ असल्याचे लिहिले होते. त्यांपैकी २३ आणि ३७ यांचे दावे फर्मा यांनी १६४० मध्ये, तर २९ चा दावा ऑयलर यांनी १७३८ मध्ये खोडून काढला. चारांतला एकच टिकला. ज्याला एखादी संख्या मूळ असल्याचे ऐकून मानावेसे वाटते, त्याने हे प्रमाण लक्षात ठेवावे.

आता उमेदवारांची यादी करू. २४८ च्या १ ते १८६ पटींत १ मिळवून १८६ संख्या होतात आणि त्याच पटींत ६३ मिळवून आणखी १८६, एकूण ३७२. (६३ स्वतः संयुक्त आहे, ती सोडली.) यांतील बहुतेक संख्या ३, ५, ७, ११ अशा लहान संख्यांनीच गळतात : २४९ = ३ × ८३, ४९७ = ७ × ७१, ५५९ = १३ × ४३. गाळून उरलेले पहिले पाच उमेदवार ३११, १३०३, १४८९, २५४३ आणि २७२९ हे आहेत. पावणेपाच हजारांच्या रांगेतून पहिला उमेदवार थेट ३११ वर येतो, यातच घडणीचे मोल दिसते.

तिसरी पायरी : एकेक उमेदवार तपासणे

येथे दहा अंकी भागाकार करण्याची गरज नाही. उमेदवाराने ६५५३६ ला भागून बाकी काढावी, त्या बाकीचा वर्ग करावा आणि पुन्हा बाकी काढावी. हाती २ आले तर उमेदवार म चा विभाजक आहे. दुसरे काहीही आले तर नाही. कारण वर सांगितलेच आहे : विभाजकाच्या बाबतीत २^३२ ची बाकी २ असलीच पाहिजे.

१४८९ घ्या. १४८९ × ४४ = ६५५१६, बाकी २०. तिचा वर्ग ४००. हे २ नाही, म्हणून १४८९ बाद. एवढ्यात काम झाले. १३०३ च्या बाबतीत ६५५३६ ची बाकी ३८६ येते, ३८६ चा वर्ग १४८९९६, आणि त्याची बाकी ४५४, तोही बाद. ३११ साठी आकडे आणखी लहान ठेवता येतात. २५६ ऐवजी −५५ घ्यावे, त्याचा वर्ग ३०२५, बाकी २२६ किंवा सोयीसाठी −८५, त्याचा वर्ग ७२२५ आणि बाकी ७२. बाकी अर्ध्याहून मोठी आली की तिची ऋण बाजू घ्यावी, ही सवय आरंभापासून लावून घ्यावी, कारण वर्ग करताना त्यामुळे श्रम बरेच वाचतात.

रीत बरोबर चालते आहे ना, हे पाहण्यासाठी जिचा निकाल आधीच ठाऊक आहे अशा संख्येवर ती वापरून पाहावी. त्यासाठी २^२९ − १ ही शेजारीण उत्तम आहे. तिच्या विभाजकाला ५८ ने भागून १ उरला पाहिजे, म्हणून उमेदवार ५९, ११७, १७५, २३३ असे येतात. ५९ ला ८ ने भागून ३ उरतात आणि ११७ ला भागून ५, म्हणून ते दोन्ही दुसऱ्या अटीत बसत नाहीत. १७५ संयुक्त आहे. खरी तपासणी २३३ पासून सुरू होते. २५६ ची बाकी २३, तिचा वर्ग ५२९ आणि बाकी ६३, तिचा वर्ग ३९६९ आणि बाकी ८. म्हणजे २^३२ ची बाकी ८ आहे. ८ म्हणजे २^३, तेव्हा २^२९ ची बाकी १ झाली. पहिल्याच उमेदवाराने भाग गेला. ही संख्या २३३ × ११०३ × २०८९ अशी फुटते. घातांक २९ ची संख्या पहिल्या धक्क्याला कोसळते आणि घातांक ३१ ची संख्या ३७२ उमेदवारांपुढे उभी राहते, हे स्वतःच्या वहीत पाहण्यासारखे आहे.

वहीची मांडणी चार रकान्यांची ठेवावी : उमेदवार, ६५५३६ ची बाकी, वर्गाची बाकी, निकाल. संयुक्त उमेदवारापुढे त्याचा लहान विभाजक लिहून ओळ बंद करावी. एखादी संख्या मूळ की संयुक्त अशी शंका असेल तर तिला संयुक्त धरून सोडून देऊ नये. सरळ तपासून टाकावी. अनावश्यक तपासणीने फक्त दोन मिनिटे जातात, पण एक मूळ उमेदवार राहून गेला तर सिद्धता अपुरी राहते.

एक फसवी वाट

फर्माच्या छोट्या प्रमेयावर आधारलेली झटपट चाचणी पुष्कळांना ठाऊक असते : २ चा (म−१) वा घात घ्यावा, म ने भागावे, बाकी १ आली तर संख्या बहुधा मूळ. मर्सेन संख्यांसाठी पाया २ घेऊन ही चाचणी कधीही करू नये. म ने भागताना २^३१ ची बाकी १ आहे आणि म − १ ला ३१ ने भाग जातो, त्यामुळे उत्तर १ येणार हे आधीच ठरलेले आहे. २०४७ वर तीच चाचणी केली तर २०४६ = ११ × १८६ असल्याने तेथेही १ च येतो, आणि २०४७ तर २३ × ८९ आहे. मिलर–रॅबिन या अधिक कडक चाचणीतूनही पाया २ असताना २०४७ निसटते. पाया ३ घेतला तर चाचणीला अर्थ येतो, तरी ती पूर्ण सिद्धता होत नाही. मर्सेन संख्यांसाठी याहून पुष्कळ चांगले साधन उपलब्ध आहे.

चौथी पायरी : लुकास–लेमर चाचणी

एदुआर लुकास यांनी १८७६ मध्ये २^१२७ − १ ही ३९ अंकी संख्या मूळ असल्याचे दाखवले, आणि त्यासाठी वापरलेल्या कल्पनेला डी. एच. लेमर यांनी १९३० मध्ये आजचे सुटसुटीत रूप दिले. रीत अशी : ४ पासून आरंभ करावा; प्रत्येक वेळी हातातील संख्येचा वर्ग करून २ वजा करावेत आणि तपासावयाच्या संख्येने भागून बाकी घ्यावी. घातांकापेक्षा दोनने कमी इतक्या वेळा हे केल्यावर शेवटी ० आले तर संख्या मूळ, न आले तर संयुक्त. निकाल दोन्ही बाजूंनी पक्का असतो.

आधी १२७ वर, म्हणजे २^७ − १ वर, हात बसवावा. पाच वेळा वर्ग करावयाचा आहे : ४, १४, ६७, ४२, १११, ०. मधली एक पायरी उलगडतो. ६७ चा वर्ग ४४८९, वजा २ म्हणजे ४४८७. घडी घालण्यासाठी १२८ ने भागावे : भागाकार ३५, बाकी ७, बेरीज ४२. त्यानंतर २०४७ घ्यावी : ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शेवटी ० आले नाही, म्हणून ती संयुक्त. तिचे विभाजक कोणते हे या चाचणीने कळत नाही. फक्त निकाल कळतो.

आता म. येथे २९ वेळा वर्ग करावयाचा आहे. आरंभ सोपा आहे : ४, १४, १९४, ३७६३४, १४१६३१७९५४. येथपर्यंत घडी घालण्याची वेळही येत नाही. पुढची पायरी ही पहिली खरी कसोटी आहे, म्हणून ती पूर्ण लिहितो.

१४१६३१७९५४ ही म च्या अर्ध्याहून मोठी आहे, तेव्हा म मधून ती वजा करून ७३११६५६९३ घ्यावेत. वर्गाला चिन्हाने फरक पडत नाही. साध्या कॅल्क्युलेटरवर नऊ अंकी संख्येचा वर्ग मावत नाही, म्हणून तिचे ७३१०००००० आणि १६५६९३ असे दोन भाग करावेत. ७३१ चा वर्ग ५३४३६१, त्यापुढे बारा शून्ये. दोन्ही भागांच्या गुणाकाराची दुप्पट : १४६२ × १६५६९३ = २४२२४३१६६, त्यापुढे सहा शून्ये. १६५६९३ चा वर्ग २७४५४१७०२४९. तिन्हींची बेरीज ५३४६०३२७०६२०१७०२४९.

पुढे जाण्यापूर्वी नऊचा ताळा घ्यावा. ७३११६५६९३ च्या अंकांची बेरीज ४१, म्हणजे ५. ५ चा वर्ग २५, म्हणजे ७. वर्गाच्या अंकांची बेरीज ६१, म्हणजे ७. ताळा जमला. आता २१४७४८३६४८ ने भागावे : भागाकार २४८९४४०४७, बाकी ४२०७२६७९३. बेरीज ६६९६७०८४०, त्यातून २ वजा केले की ६६९६७०८३८. भागाकाराचाही ताळा घेता येतो आणि तो घ्यावाच. या चाचणीत चुकीला माफी नसते : सातव्या ओळीतली एका अंकाची चूक पुढच्या सर्व ओळी बिघडवते आणि शेवटचे उत्तर केवळ ‘शून्य नाही’ एवढेच सांगते, चूक कोठे झाली ते सांगत नाही. मी पहिल्यांदा बसलो तेव्हा एका ओळीत २ वजा करायचे राहिले आणि सगळ्या ओळी पुन्हा लिहाव्या लागल्या. तेव्हापासून वजाबाकीसाठी वेगळा रकाना आखल्याशिवाय मी आरंभ करत नाही.

त्यापुढची बाकी १९३७२५९४१९ आहे. वाचकाने स्वतः काढून येथे जुळवून पाहावी. अशा रीतीने चालत गेल्यावर शेवटून तिसरी बाकी ११८१५३६७०८ येते. म मधून वजा करून तिची ऋण बाजू ९६५९४६९३९ होते, तिचा वर्ग ९३३०५३४८८९६३४६९७२१, भागाकार ४३४४८६८८८, बाकी १७१३०६२२९७, बेरीज २१४७५४९१८५. ही म पेक्षा मोठी आहे, म वजा केला की ६५५३८, आणि २ वजा केले की ६५५३६. म्हणजे शेवटून दुसरी बाकी २^१६ आहे. तिचा वर्ग २^३२, घडी घालून २, वजा २ म्हणजे ०.

ही अखेर योगायोगाने आलेली नाही. शेवटी ० हवे असेल तर त्याआधीच्या बाकीचा वर्ग २ च्या बरोबरीचा असला पाहिजे, आणि म मूळ असल्यास २ ची अशी वर्गमूळे दोनच असतात : ६५५३६ आणि २१४७४१८१११. म्हणून शेवटून दुसऱ्या ओळीत या दोहोंपैकी एक दिसले की आपले गणित निर्दोष पार पडले, असे खुशाल समजावे. १२७ च्या गणितात १११ आले होते ते १२७ − १६ आहे, हेही आता ध्यानात येईल.

० आल्याने संख्या मूळ कशी ठरते? या मालिकेतली प्रत्येक संख्या म्हणजे २ + √३ आणि २ − √३ यांच्या समान घातांची बेरीज असते. समजा म ला ४६३४० च्या आतील एखादी मूळ संख्या भ भागते. भ ने भागून उरणाऱ्या बाक्या आणि √३ यांच्यापासून होणाऱ्या संख्यांच्या जगात, मालिकेच्या शेवटी ० आले याचा अर्थ २ + √३ चा २^३० वा घात −१ होतो, असा निघतो. म्हणून त्याचा २^३१ वा घात १ होतो आणि त्याआधी कोठेही १ येत नाही. परंतु त्या जगात शून्य सोडून भ × भ − १ पेक्षा अधिक संख्याच नाहीत, आणि भ चा वर्ग म हून मोठा नाही. म पेक्षा कमी जागांत २^३१ वेगवेगळे घात मावू शकत नाहीत. विसंगती आली, म्हणून असा भ नाही.

संगणक वापरणाऱ्यांसाठी

हीच चाचणी संगणकावर काही ओळींत लिहिता येते, मात्र संख्या साठवण्याची जागा तपासून घ्यावी. वर्गाचे आकडे २^६२ च्या आत राहतात, म्हणून ६४ बिटांचा पूर्णांक पुरतो. स्प्रेडशीटमध्ये पंधरा अंकांपुढचे अंक टिकत नाहीत, आणि ज्या भाषांत सर्व संख्या दशांश स्वरूपात ठेवल्या जातात तेथे २^५३ च्या पुढे अचूकता सुटते. या दोन्ही ठिकाणी चूक झाल्याची सूचना मिळत नाही. उत्तर मुकाट्याने चुकते. पाचव्या वर्गानंतर ६६९६७०८३८ आणि सहाव्यानंतर १९३७२५९४१९ आले की नाही, एवढे पाहून मगच पुढे जावे. आजच्या महाकाय मूळ संख्यांचा शेवटचा निर्णयही याच चाचणीने होतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली २^१३६२७९८४१ − १ ही संख्या ४१०२४३२० अंकी आहे.

पाचवी पायरी : मूळपणा ठरल्यावर

म ही आठवी मर्सेन मूळ संख्या आहे. तिच्या आधीचे घातांक २, ३, ५, ७, १३, १७ आणि १९. प्रत्येक मर्सेन मूळ संख्येपासून एक परिपूर्ण संख्या मिळते, म्हणजे जी स्वतःखेरीज आपल्या सर्व विभाजकांच्या बेरजेइतकी असते. येथे ती २^३० × म = २३०५८४३००८१३९९५२१२८. पडताळा सोपा आहे : २^३० च्या विभाजकांची बेरीज म, आणि म मूळ असल्याने त्याच्या विभाजकांची बेरीज म + १ = २^३१; दोहोंचा गुणाकार त्या परिपूर्ण संख्येच्या बरोबर दुप्पट. पीटर बार्लो यांनी १८११ मध्ये लिहिले होते की याहून मोठी परिपूर्ण संख्या कोणी शोधण्याची शक्यता नाही. लुकास यांनी ते विधान त्याच शतकात मोडीत काढले.

शेजारच्या संख्या पाहू. म − २ च्या शेवटी ५ आहे आणि म + २ ला ३ ने भाग जातो, म्हणून म ला जुळी मूळ संख्या नाही. त्यातही म + २ = ३ × ७१५८२७८८३, आणि हा दुसरा अवयव पुन्हा मूळ आहे. म च्या अलीकडची मूळ संख्या २१४७४८३६२९ आणि पलीकडची २१४७४८३६५९. १ पासून मोजत आल्यास म चा क्रमांक १०५०९७५६५ वा लागतो.

म − १ चे अवयव मात्र लहान आणि सुबक आहेत : २ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१. हे अवयव हाती असल्याने म च्या बाक्यांचे जग पूर्णपणे उकलता येते. २ चे घात घेत गेल्यास ३१ व्या पायरीलाच १ येतो. ७ चे घात घेतल्यास मात्र १ ते म − १ या सर्व बाक्या एकेकदा येऊन जातात आणि मगच १ परत येतो. असे करणारी ७ ही सर्वांत लहान संख्या आहे. म − १ ला ५ ने भाग जात नाही, त्यामुळे ७ चा पाचवा घात १६८०७ हाही तसाच वागतो, आणि याच गुणधर्मावर लुईस, गुडमन आणि मिलर यांनी १९६९ मध्ये आयबीएम सिस्टम/३६० साठी यादृच्छिक संख्या देणारी रीत बसवली. १ पासून आरंभ करून दरवेळी १६८०७ ने गुणावे आणि घडी घालावी : १६८०७, २८२४७५२४९, १६२२६५००७३. तिसरी संख्या काढताना गुणाकार ४७४७५६१५०९९४३ येतो, २१४७४८३६४८ ने भागून भागाकार २२१० आणि बाकी १६२२६४७८६३, बेरीज वर दिल्याप्रमाणे. २१४७४८३६४६ पावलांनंतरच ही साखळी स्वतःवर परत येते. गुप्तता राखण्याच्या कामी मात्र ती वापरू नये, कारण एक संख्या कळली की पुढच्या सर्व कळतात.

वर्गमूळ काढण्याच्या बाबतीत म विशेष सोयीचा आहे. त्याला ४ ने भागून ३ उरतात. अशा मूळ संख्येसाठी, एखाद्या बाकीला वर्गमूळ असेल तर ते तिचा (म+१)/४ वा घात घेऊन मिळते. येथे (म+१)/४ = २^२९, म्हणजे त्या बाकीचा फक्त २९ वेळा लागोपाठ वर्ग करत जायचे; मध्ये कोठेही गुणाकार लागत नाही. शेवटी उत्तराचा वर्ग करून मूळ बाकी परत येते का ते पाहावे, कारण ३, ५, ७ आणि ११ यांना म च्या जगात वर्गमूळच नाही आणि तेथे हीच रीत ऋण चिन्हाची बाकी देते.

सर्वांत शेवटी एक तपासणी, जी करताना मला नेहमी आनंद होतो. घातांकाच्या जागी म हीच मूळ संख्या ठेवून २^म − १ अशी संख्या घेतली तर ती ६४६४५६९९३ अंकी होते. ती मूळ नाही. २९५२५७५२६६२६०३१ ने तिला भाग जातो. एवढा मोठा भागाकार हाताने होणार नाही, पण दुसऱ्या पायरीतल्या दोन्ही अटी या विभाजकाला लागू असल्याच पाहिजेत आणि त्या एका ओळीत पडताळता येतात. म ची दुप्पट ४२९४९६७२९४. तिला ६८७४५ ने गुणून १ मिळवला की बरोबर २९५२५७५२६६२६०३१ येते. आणि ८ ने भागण्यासाठी शेवटचे तीन अंक ०३१ पाहिले की बाकी ७ उरते.